कोरड्या जिल्ह्याची वीज: ऊर्जाटंचाईची कारणे आणि जालना

जालना जिल्ह्यात कोळशाची खाण नाही, मोठे औष्णिक वीज केंद्र नाही आणि मोठी नदी म्हणावी अशी गोदावरी त्याच्या दक्षिण सीमेवरूनच वाहते. तरीही १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा विजेच्या वापरात मागासलेला नाही. जालना शहरालगतच्या औद्योगिक वसाहतींत भंगार लोखंड वितळवून सळया तयार करणारे कारखाने अहोरात्र चालतात, तर अंबडपासून भोकरदनपर्यंतच्या शिवारात मोसंबी, कापूस आणि रब्बीची पिके विहिरींवर आणि कूपनलिकांवर, म्हणजे पर्यायाने विजेच्या पंपांवर, उभी आहेत. मागणी मोठी आणि स्थानिक ऊर्जास्रोत तुटपुंजे अशा या जिल्ह्यात ऊर्जेची टंचाई का निर्माण होते हे पाहिले, तर आधुनिक समाजातील ऊर्जाटंचाईची बहुतेक कारणे एकाच नकाशावर दिसतात.

ऊर्जाटंचाई म्हणजे इंधनाचे साठे संपणे, असे सामान्यतः समजले जाते. साठे मर्यादित आहेत हे खरे; परंतु गेल्या अर्धशतकाहून अधिक काळात जगाने अनुभवलेल्या मोठ्या टंचाया साठे संपल्यामुळे आलेल्या नाहीत. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला तेव्हा तेल जमिनीखाली होतेच, आणि दक्षिण आफ्रिकेत २०२३ साली वर्षातील बहुतेक दिवस भारनियमन करावे लागले तेव्हा त्या देशाच्या कोळशाच्या खाणी रिकाम्या नव्हत्या, तर जुनी वीज केंद्रे वारंवार बंद पडत होती. हवी तेव्हा, हवी तेथे आणि परवडेल त्या दरात ऊर्जा न मिळणे म्हणजे टंचाई, अशी व्याख्या केली तर तिची कारणे खाणीपासून शेतातल्या खांबापर्यंत शोधावी लागतात.

भट्टी आणि पंप

जालन्याच्या मागणीला दोन टोके आहेत. पहिले टोक पोलाद उद्योगाचे. येथील कारखान्यांत खनिजापासून लोखंड काढले जात नाही. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट, म्हणजे लांबट ठोकळे, ओतले जातात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया काढल्या जातात. इंडक्शन भट्टीत ज्वाला नसते. तांब्याच्या वेटोळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे धातूतच उष्णता निर्माण होते, त्यामुळे वीज हाच या उद्योगाचा भंगारानंतरचा प्रमुख कच्चा माल ठरतो. एक टन धातू वितळवण्यास साधारणपणे ५०० ते ६०० युनिट वीज लागते. एक युनिट म्हणजे एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालवल्यावर खर्च होणारी वीज. या हिशेबाने एका टनाच्या विजेवर शेतातला ५ एचपीचा, म्हणजे पाच अश्वशक्तीचा, पंप शंभराहून अधिक तास चालू शकतो. शिवाय भट्टीला केवळ पुरेशी नव्हे, अखंड वीज लागते, कारण वितळलेला रस भट्टीत असताना पुरवठा दीर्घकाळ खंडित झाला तर तो आतच थिजू लागतो आणि भट्टीच्या अस्तराची हानी होते.

दुसरे टोक कृषिपंपांचे. भट्टीची मागणी वर्षभर जवळपास सारखी असते, तर पंपांची मागणी पावसाळ्यात उतरते आणि ऑक्टोबरनंतर, विशेषतः रब्बीच्या पेरण्या झाल्यावर, एकदम चढते. या चढण्यामागे केवळ पिकाखालील क्षेत्र नाही, तर पाण्याची खोलीही आहे. एक हजार लिटर पाणी ३० मीटर खोलीवरून उपसण्यास, पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरली तर, सुमारे ०.२ युनिट वीज लागते. तेच पाणी ९० मीटरवरून काढायचे झाल्यास सुमारे ०.६ युनिट लागते. विहीर आटून कूपनलिका घेतली, ती आटून आणखी खोल घेतली आणि तीन एचपीच्या जागी पाच व पाचाच्या जागी साडेसात एचपीची मोटर बसवली, तर शेतकऱ्याला पाणी पूर्वीइतकेच मिळते, पण वीज तिप्पट लागते. अशा रीतीने भूजलाची टंचाई प्रथम विजेच्या वाढीव मागणीचे रूप घेते आणि मग विजेच्या टंचाईचे.

साठवता न येणारा माल

धान्य गोदामात ठेवता येते, डिझेल टाकीत भरता येते. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवणे आजही खर्चिक असल्यामुळे ज्या क्षणी ती निर्माण होते त्याच क्षणी वापरली जावी लागते. निर्मिती आणि वापर यांचा मेळ बसला आहे की नाही हे फ्रिक्वेन्सीवरून, म्हणजे प्रवाहाची दिशा आलटून पालटून बदलण्याची किती आवर्तने सेकंदाला पूर्ण होतात यावरून, कळते. भारतात तिचे प्रमाण ५० हर्ट्झ आहे. वापर निर्मितीपेक्षा वाढला की फ्रिक्वेन्सी उतरते, आणि ती फार उतरली तर वीज केंद्रे स्वतःच्या संरक्षणासाठी एकामागून एक जाळ्यापासून तुटतात. हे टाळण्यासाठी ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र राज्याच्या मागणी-पुरवठ्यावर सतत लक्ष ठेवते आणि तूट भरून निघत नसेल तर काही फीडर बंद करण्याच्या सूचना देते. फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघून अनेक गावांना किंवा शेतांना वीज पुरवणारी वाहिनी. ठरवून केलेल्या या कपातीलाच भारनियमन म्हणतात.

निर्मिती पुरेशी असूनही ती योग्य ठिकाणी पोहोचली नाही तरी अंधार होतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाचा पुरवठा खंडित झाला, तेव्हा पश्चिमेकडे वीज उपलब्ध होती. ती उत्तरेकडे नेणारी बिना-ग्वाल्हेर वाहिनी मात्र अतिरिक्त भारामुळे तुटली होती.

न उभारलेल्या क्षमतेचे दशक

मराठवाड्यातील ग्रामीण वाचकाला भारनियमन आठवते ते प्रामुख्याने २००५ ते २०१२ या काळातले. त्याची मुळे मात्र त्याआधीच्या दशकात आहेत. वीज केंद्र उभारण्यास अनेक वर्षे लागत असल्यामुळे आजची टंचाई ही बहुधा दहा वर्षांपूर्वी न घेतलेल्या निर्णयाचे फळ असते. १९९० च्या दशकात महाराष्ट्राने भावी गरजेसाठी मोठ्या प्रमाणात एन्रॉन कंपनीच्या दाभोळ येथील वीज प्रकल्पावर भिस्त ठेवली. १९९३ साली वीज खरेदीचा करार झाला, १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, परंतु ती वीज राज्य वीज मंडळाला परवडेना आणि २००१ साली खरेदी थांबली. पुढे सरकारी कंपन्यांच्या सहभागातून या प्रकल्पाचे पुनरुज्जीवन झाले, पण ज्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवर तो चालत होता त्याचे उत्पादन घटल्यामुळे २०१३ नंतर काही काळ त्याची यंत्रे बसून राहिली. एकाच प्रकल्पात टंचाईची दोन वेगवेगळी कारणे दिसतात: आधी दर परवडेना म्हणून वीज घेता आली नाही, नंतर इंधन नाही म्हणून ती निर्माण करता आली नाही.

दरम्यान मागणी वाढतच राहिली. २००३ च्या वीज कायद्यानंतर जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, वहनासाठी महापारेषण आणि वितरणासाठी महावितरण अशा स्वतंत्र कंपन्या झाल्या, तोवर राज्यातील तूट हजारो मेगावॅटच्या घरात गेली होती. उपलब्ध वीज कोणाला द्यावी आणि कोणाची कापावी, हा तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या संमतीने गळती आणि वसुली यांच्या निकषावर भागांचे गट पाडण्यात आले. ज्या भागात वीजचोरी व थकबाकी जास्त, त्या भागात भारनियमनाचे तास जास्त. आर्थिक शिस्तीच्या दृष्टीने या निकषाला अर्थ होता, परंतु त्याचा परिणाम सामूहिक शिक्षेसारखा झाला, कारण बिल वेळेवर भरणारे कुटुंब आणि आकडा टाकून वीज घेणारे कुटुंब एकाच फीडरवर असले तर दोघांच्याही घरी सारखाच अंधार होत असे. २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त झाल्याची घोषणा झाली, तेव्हाही जास्त गळतीचे फीडर तिच्यातून वगळलेले होते.

दुष्काळ: मागणीलाही, पुरवठ्यालाही

पाणी नसले की वीजही कमी पडते, हा संबंध जालन्याने २०१२-१३ च्या दुष्काळात अनुभवला. त्या वर्षी जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, अनेक गावे टँकरवर आली आणि शहराच्या नळांना पाणी येण्यात आठवड्यांचे अंतर पडू लागले. याच दुष्काळात, फेब्रुवारी २०१३ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी पूर्णपणे बंद करावे लागले. त्याची तेव्हाची क्षमता ११३० मेगावॅट होती.

औष्णिक केंद्राला पाणी का लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरते, आणि वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करण्यासाठी शीतकरण मनोऱ्यांत फार मोठ्या प्रमाणात पाणी बाष्परूपाने उडून जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर, अशी ठरवली. या मर्यादेत राहूनही ११३० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालवले, तर दिवसाला ९ कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. परळीचे पाणी गोदावरी खोऱ्यातून, नदीवरील खडका बंधाऱ्यातून येते आणि जालना शहराची तहानही त्याच खोऱ्यातील पैठणच्या जायकवाडी जलाशयावर अवलंबून असते. म्हणजे टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी आणि विजेचे पाणी एकाच खोऱ्यात एकमेकांसमोर उभे राहतात. अशा वेळी पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम मिळणे योग्यच आहे, पण त्याची किंमत वीजनिर्मितीला मोजावी लागते.

जलविद्युतही या नियमाला अपवाद नाही. सायंकाळच्या वाढीव मागणीच्या वेळी राज्याला सावरणारा कोयना प्रकल्प सुमारे १९६० मेगावॅटचा असला, तरी कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे अब्ज घनफुटांची, मर्यादा आहे, आणि पाऊस अपुरा झाला की तेवढेही पाणी वापरता येत नाही. थोडक्यात, दुष्काळात पंपांची मागणी वाढते, वाफेचे केंद्र थांबते आणि धरणाची वीज आटते. या तिन्ही गोष्टी एकाच हंगामात घडतात. सरासरी वर्षाच्या आकडेवारीवर बेतलेले नियोजन नेमके याच वेळी कोलमडते.

पाऊस जास्त झाला तरी पुरवठा निर्धोक राहतोच असे नाही. २०२१ च्या पावसाळ्यात खाणींत पाणी साचून कोळशाचे उत्पादन व वाहतूक मंदावली, आंतरराष्ट्रीय बाजारात कोळशाचे भाव भडकल्यामुळे आयात कोळशावरील केंद्रांनी निर्मिती घटवली, आणि ऑक्टोबरच्या आरंभी देशातील औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारच दिवसांचा साठा उरला. पुढच्या उन्हाळ्यात, २९ एप्रिल २०२२ रोजी, देशाच्या मागणीने २०७ गिगावॅटचा, म्हणजे दोन लाख सात हजार मेगावॅटचा, तेव्हाचा उच्चांक गाठला आणि महाराष्ट्रात पुन्हा भारनियमनाची चर्चा सुरू झाली.

डीपीपाशी होणारी टंचाई

राज्यात पुरेशी वीज असतानाही शेतात ती नसते, याचे कारण शोधण्यासाठी रोहित्रापाशी, शेतकऱ्यांच्या भाषेत डीपीपाशी, जावे लागते. ११ हजार व्होल्टची वीज तेथे ४४० व्होल्टवर उतरवून पंपांना दिली जाते. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीवर ५ एचपीचे वीस पंप जोडले की तिची क्षमता जवळपास संपते. त्यात पाच एचपीची मंजुरी घेऊन साडेसातची मोटर बसवणारे आणि मंजुरीशिवाय आकडे टाकणारे यांची भर पडते. कृषी फीडरला पंपांसाठी लागणारा थ्री फेज पुरवठा अखंड नसतो. दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी चक्राकार पाळी अनेक वर्षे चालत आली. वीज कधी येईल याचा नेम नसल्यामुळे आणि रात्री विंचूकाट्याच्या भीतीने विहिरीवर जाणे नकोसे वाटत असल्यामुळे शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच बसवतो, ज्यामुळे वीज येताच मोटर आपोआप सुरू होते.

एका शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सोय पूर्णपणे शहाणपणाची आहे, परंतु वीसही पंपांना ऑटो स्विच असले की ते एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. या धक्क्याने व्होल्टेज कोसळते, कमी व्होल्टेजवर तेवढेच काम करण्यासाठी मोटरी जास्त प्रवाह घेतात, जास्त प्रवाहाने तारा आणि वेटोळी तापतात, आणि अखेर डीपी जळते. तारांमधील गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर वाया जाणारी वीज चौपट होते. म्हणूनच पंपांना कपॅसिटर बसवून अनावश्यक प्रवाह कमी करण्याचा आणि ऑटो स्विच काढून टाकण्याचा आग्रह महावितरण सातत्याने धरते. जळालेली डीपी बदलून मिळेपर्यंत त्या शिवारातील पिकाच्या दृष्टीने राज्यात वीज शिल्लक आहे की तूट आहे, याला काहीच अर्थ उरत नाही.

हिशेबातली तूट

या सगळ्यामागे पैशाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात असंख्य कृषिपंपांना मीटर नाहीत आणि त्यांचे बिल वापरलेल्या युनिटवर नव्हे, तर मोटरच्या एचपीवर आकारले जात आले आहे. त्यामुळे शेतीने किती वीज वापरली हे मोजले जात नाही, अंदाजले जाते. आणि जेथे अंदाज असतो तेथे चोरी व गळती शेतीच्या नावावर टाकण्याची सोयही असते. आठ तासही नीट वीज मिळत नाही म्हणून शेतकरी बिल भरत नाही, बिल वसूल होत नाही म्हणून वितरण कंपनी दुरुस्ती व नव्या वाहिन्यांवर खर्च करीत नाही, आणि वाहिन्या दुर्बल राहिल्यामुळे वीज नीट मिळत नाही, असे हे दुष्टचक्र आहे. २००४ च्या निवडणुकीपूर्वी शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि ती पुढच्याच वर्षी मागे घेण्यात आली. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकार भरते. शेतकऱ्यावरील बोजा त्यामुळे हलका झाला आहे, पण न मोजलेल्या विजेचा प्रश्न बिल कोण भरतो हे बदलल्याने सुटत नाही.

शेतीच्या सवलतीचा काही भार क्रॉस सबसिडीच्या, म्हणजे एका वर्गाकडून जास्त दर घेऊन दुसऱ्याला कमी दर देण्याच्या, पद्धतीने उद्योगांवर पडतो. जालन्याच्या पोलाद उद्योगासारख्या उद्योगांना शेजारच्या राज्यांतील स्वस्त विजेशी स्पर्धा करणे अवघड झाल्यामुळे २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात अनुदान द्यावे लागले. दुसरीकडे, गेल्या दशकात राज्याने केलेल्या खरेदी करारांमुळे वर्षातील काही काळ वीज अतिरिक्त ठरली आणि न घेतलेल्या विजेचाही स्थिर आकार, म्हणजे केंद्र उभारणीच्या खर्चापोटी द्यावी लागणारी ठरावीक रक्कम, भरावा लागला. खाणींपासून दूर असल्यामुळे महाग पडणारे परळीचे संच अशा वेळी पाणी असूनही बंद राहत. एकीकडे बंद संच आणि दुसरीकडे आठ तासांची शेती, हे चित्र तुटवड्याचे स्वरूप किती मानवनिर्मित असते ते दाखवते.

ग्रामीण स्वयंपाकघराची ऊर्जाही याच हिशेबात धरायला हवी. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची शेगडी बहुतेक घरांत पोहोचली, तरी सिलिंडर महागला की कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्या पुन्हा चुलीत जातात. परवडत नसलेले इंधन हे त्या कुटुंबापुरते नसलेलेच इंधन असते.

सूर्य उगवल्यावर

आज जालन्यात मुबलक मिळणारी स्थानिक ऊर्जा म्हणजे ऊन. सौर कृषिपंप बसवण्यात हा जिल्हा राज्यातील आघाडीच्या जिल्ह्यांत गणला जातो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून संपूर्ण कृषी फीडरला दिवसा वीज देण्याचा मार्ग स्वीकारला आहे, आणि त्यातील राज्यातला पहिला प्रकल्प शेजारच्याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे सुरू झाला. या मार्गाने रात्रीचे पाणी देणे टळते, लांबच्या वहनातील गळती वाचते आणि वाफेसाठी पाणीही लागत नाही.

तथापि सूर्यास्तानंतर भट्टी चालूच राहते आणि घरोघरी दिवे लागतात. त्या वेळेसाठी बॅटरीसंच किंवा घाटघरसारखे, म्हणजे स्वस्त वीज असताना पाणी वर चढवून मागणीच्या वेळी ते खाली सोडणारे, उदंचन प्रकल्प वाढवावे लागतील. त्याहून अवघड प्रश्न पाण्याचा आहे. सौर पंपाच्या विजेला बिल नाही आणि भारनियमनही नाही, त्यामुळे उपशावर आजवर नकळत असलेला लगामही सुटतो. ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही, तेथे वीज फुकट झाली म्हणून भूजल अखंड राहणार नाही.

जालन्याच्या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. ऊर्जेची टंचाई जमिनीखालच्या साठ्यांपेक्षा लांबलेले निर्णय, न मोजलेला वापर, दुर्बल वाहिन्या आणि पाण्याचा विचार न करता केलेले नियोजन यांतून अधिक उद्भवते. म्हणून डीपीवरील प्रत्येक युनिटचे मोजमाप, दुष्काळी वर्ष गृहीत धरून ठरवलेली निर्मिती आणि पाण्याच्या ताळेबंदाशी जोडलेली पंपांची मंजुरी, या तीन गोष्टी नव्या मेगावॅटइतक्याच निकडीच्या आहेत. त्या झाल्या नाहीत, तर पुढच्या दुष्काळात क्षमता वाढलेली असेल आणि टंचाईही तशीच असेल.